माशाची रास

मे महिन्यात एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन पाहुणे आले. मालवणहून आई आणि इंडोनेशियाहून मासा. दोघंही आल्या आल्या झोपले आणि पुढचे दहा दिवस मी जागा होतो.

न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या घरात, दिवाणखान्यात, 75 गॅलनचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. बायको त्याला 'सवत' म्हणते, आणि खर्चाचा हिशोब पाहता ते सौम्यच आहे. त्यातल्या प्रवाळांवर चपटे किडे झाले होते. ते खाणारा मासा म्हणून मेलॅन्युरस रॅस मागवला. उच्चार रॅस खरा, पण आईच्या कानापर्यंत पोचेस्तोवर त्याची रास झाली.

"माशाची रास मीनच असणार, त्यात मागवायचं काय?" आई म्हणाली. मग पिशवीतल्या त्या बोटभर, हिरव्या-नारिंगी पट्ट्यांच्या जिवाकडे निरखून बघत तिने मालवणातला मूळ प्रश्न विचारला. "ह्यो मासो खातत काय रे?"

खात नाहीत म्हटल्यावर किंमत विचारली. 60 डॉलर. त्याचे तिने मनातल्या मनात रुपये केले, रुपयांच्या सुरमया केल्या आणि काही न बोलता आत गेली.

पाण्यात सोडताच मासा सरळ खाली गेला आणि डोकं खुपसून वाळूत गडप झाला. इथवर ठीक होतं. ही जात रात्री वाळूतच झोपते, म्हणून तर मी तळाला दोन इंच बारीक वाळू अंथरली होती. पण दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी विजेरी घेऊन टँकमागे रांगलो. रॅस उड्या मारण्यात पटाईत असतात. वर जाळी आहे, पण वायरीसाठी कापलेल्या कोपऱ्यातून त्यांना नेमकं बाहेर पडता येतं. तिथे मला धूळ आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेला रिमोट मिळाला.

मग संशय टँकमधल्या दुसऱ्या रॅसवर, सिक्स-लाइनवर गेला. हा आमचा जुना भाडेकरू, तीन इंचांचा गुंड. याला टँकमध्ये सगळ्यात शेवटी सोडायचं असतं, हे मला त्याला सगळ्यात आधी सोडल्यावर कळलं. नव्या माशावरून त्याचं लक्ष उडावं म्हणून काचेला बाहेरून आरसा चिकटवला. जपानी संशोधकांनी 2019 साली दाखवून दिलं की क्लीनर रॅस आरशात स्वतःला ओळखतो. आमचा त्याच कुळातला, पण शिक्षण कमी. तो दिवसभर स्वतःशीच भांडत राहिला.

"मेलाच असणार," मी जेवताना जाहीर केलं.

"मेलो नाय," आई म्हणाली. "दिवसाचो निजता हा. तुका कळना नाय. रात्री दोन वाजता बघ कसो फिरता तो."

रात्री दोन वाजता आई काय करत होती, हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की मालवणात पहाटेचे साडेपाच होतात, आणि आई गेली चाळीस वर्षं साडेपाचला उठते. सगळं घर झोपलं की ती टँकसमोर खुर्ची टाकून त्या निळ्या चांदणदिव्याच्या उजेडात बसायची. आणि मासा? मी बोटांवर हिशोब केला. उन्हाळ्यात बाली आणि न्यू जर्सी यांत बरोबर बारा तासांचं अंतर असतं. आमच्या सकाळी सहाला तिकडे दिवेलागण होते. बिचारा आपल्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर झोपत होता.

"मुडदुशीपण वाळूत घुसते," आईने वर शिकवलं. "तू नुसती तळलेली बघितलीस."

त्या रात्री मीही उठलो. दोनला पाच कमी असताना वाळू हलली, टोकदार तोंड बाहेर आलं, पाठोपाठ मासा. मी गोठवलेल्या मायसिसचा, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांचा, तुकडा सोडला. त्याने तोंडात घेतला, थुंकला. आईने पदराआडून चिमूट काढली आणि पाण्यावर भुरभुरवली. मासा तुटून पडला.

"काय घातलंस?"

"जवळा."

बॅगेत पापडांच्या खाली लपवून आणलेला सुका जवळा! गेले तीन दिवस हेच चाललं होतं. सकाळी स्किमरचा, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राचा, फेस कपाटाबाहेर वाहून गालिच्यावर का येतो, याचा उलगडा झाला. कंपनीच्या मदत-क्रमांकावर मी त्याबद्दल अर्धा तास वाद घातला होता.

दहाव्या दिवशी दोघंही एकदमच ताळ्यावर आले. आई रात्री दहाला झोपली, मासा सकाळी दिवा लागल्यावर तासाभरात उठला. किडे त्याने महिनाभरात संपवले. त्याच्यासाठी ती चटणी होती, जेवण जवळ्याचंच.

ऑक्टोबरात आई परत गेली. त्याच आठवड्यात संध्याकाळी सातला, टँकचा दिवा मावळत असताना, फोन वाजला. मालवणात पहाटेचे साडेचार.

"निजलो?"

"हो, आत्ताच वाळूत गेला. तू का जागी?"

"माका झोप येणा नाय," आई म्हणाली. "जवळो उरलो हा मा?"