फवारणीची विषबाधा मिठाच्या पाण्याने उतरत नाही

'फवारणीत विषबाधा झाली तर घरच्या घरी पाच खात्रीशीर उपाय' हा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतो आहे. माझ्या मामांनी तो आपल्या वावरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करणाऱ्या मजुरांच्या गटावर 'सर्वांनी पाठ करून ठेवा' असे लिहून टाकला, तेव्हा गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी, हा त्यातील पहिला आणि सर्वांत घातक उपाय. फवारणाऱ्या मजुराने औषध, म्हणजे कीटकनाशक, प्यालेले नसते. ते गळक्या पंपामुळे भिजलेल्या पाठीतून, ओल्या सदऱ्यातून आणि श्वासावाटे अंगात गेलेले असते. मग पोट रिकामे करून नेमके काय बाहेर काढायचे? प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे मज्जातंतूंच्या कामावर ताबा ठेवणारे एक विकर (एन्झाइम) निकामी करतात, त्यामुळे लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव साचून श्वास कोंडतो आणि शुद्ध हरपू लागते. अशा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात पाणी ओतले, तर ते आणि उलटी दोन्ही फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. यावर ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषधच लागते, तेही इंजेक्शनने, पुन्हा पुन्हा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. एवढे पाहिलेल्या मुलखात हा सल्ला फिरावा, याचा संताप येतो.

संदेशात पाजायला सांगितलेले दूध आणि तूप हा उतारा नाही. त्यात तोंडावर बांधायला सांगितलेला ओला रुमाल औषधाचे तुषार टिपून घेतो आणि नाकाशीच धरून ठेवतो. या दोहोंवर अधिक लिहिण्याची गरज नाही.

अंग साबणाने धुवावे, हे संदेशातले मात्र बरोबर आहे आणि ते मान्य करावे लागते. पण आधी भिजलेले कपडे उतरवायचे असतात, हे संदेशात नाही. आणि उतरवणाऱ्याने हातमोजे, तेही नसतील तर निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातांत घालायच्या असतात, नाहीतर तोही त्याच विषाच्या तडाख्यात सापडतो.

संदेशातला शेवटचा मुद्दा असा, की प्रशिक्षण कारखान्यातल्या कामगारांना लागते, शेतमजुराला अनुभव पुरतो. हेही खरे नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम ४२ चे शीर्षकच कामगारांचे प्रशिक्षण असे आहे आणि सुरक्षेची खबरदारी व साधनांचा वापर शिकवण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी त्यात उत्पादक आणि वितरक यांच्यावरही टाकली आहे. अनुभवी मजूरसुद्धा ऑक्टोबरच्या उन्हात घामाघूम झालेल्या सोबत्याला 'ऊन लागले' म्हणून धुऱ्यावर निजवतो. बाहुल्या बघायच्या असतात, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेल्यावर फवारा चेहऱ्यावर येतो, वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून चालू नये, १०८ ला फोन करताना औषधाचे नाव सांगावे आणि बाटली व तिच्यासोबतचे पत्रक रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावे, हे सारे वावरात उभे राहून दुपारभरात शिकवता येते. मामांनी पुढच्या फवारणीची औषधे घेताना कृषी केंद्रात हेच प्रशिक्षण मागावे, आणि तोवर तो संदेश गटावरून काढून टाकावा.