गटाराची मीटिंग आणि दाढ्या कुरवाळणं (लांब आहे, वैतागून लिहिलंय)

सोसायटीच्या ग्रुपवर आज एक फोटो आला. मशिदीला लागून असलेला हॉल, पाचपंचवीस माणसं मांडी घालून बसलेली, प्रत्येकाच्या हातात कागद आणि एक बाई फळ्यावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा भरायचा ते दाखवतायत. सुशासनासाठी काम करणारी एक संस्था आहे, तिची मंडळी शुक्रवारच्या नमाजनंतर तिथे गेली होती. हीच मंडळी मागे आमच्या गणपती मंडळाच्या हॉलमध्ये येऊन गेली, चर्चच्या आवारातही बसली. तेव्हा कुणाला काही खुपलं नाही. आज मात्र फोटोखाली लगेच, "सुशासन करताय की दाढ्या कुरवाळताय?" आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. मग दुसरा शहाणा उगवला, "इकडे गटारं तुंबलीत, ती बघा आधी."

अहो, ते अर्ज गटाराचेच आहेत! फोटो जरा मोठा करून बघायचे तरी कष्ट घ्या. फळ्यावर स्वच्छ मराठीत लिहिलंय: नालेसफाईचा कार्यादेश, ठेकेदाराची बिलं, मोजमाप पुस्तिकेची प्रत. जो नाला त्या मशिदीमागून वाहतो तोच पुढे आपल्या पार्किंगमध्ये शिरतो. पावसाळ्यात गाड्या कुणाच्या बुडतात?

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथे तोंड उघडलं की अ‍ॅडमिन "कृपया राजकारण नको" टाकतो. आज हसणाऱ्यांत तोही होता, ते राजकारण नव्हतं बहुतेक. म्हणून इथे लिहितोय. तुम्ही सगळे माझेच, तुम्हाला काही पटवून द्यायचं नाहीये. मळमळ बाहेर काढायचीय.

मी भिवंडीचा. १९७० ची दंगल माझ्या जन्माआधीची, घरात ऐकलेली. १९८४ ची मात्र आठवते, म्हणजे आईने खिडकीच्या फटींत कोंबलेली गोधडी आठवते. आमचे आप्पा एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहायचे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. गावभर ७०. त्यात पुढाऱ्यांना लांब ठेवलं. घेतली ती साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, शेजारीपाजारी राहणारी. बरोबर त्या भागाचे पोलीस. आमच्या गल्लीत हवालदार आला आणि आप्पांना म्हणाला, "समोरच्या चाचांशी गटारावरून रोज भांडता ते तुम्हीच ना? मग दोघंही या. तिथे भांडा."

आणि ते खरोखर तिथे जाऊन भांडले. सायझिंगवाल्याचं (सुताला खळ लावायचा कारखाना) पाणी गटारात सुटायचं, गटार चाचांच्या दारात तुंबायचं आणि उतार आमच्या बाजूला. महिनोन् महिने तोच विषय. धर्म, सलोखा, बंधुभाव, गंगाजमनी असला शब्द त्या मीटिंगांमध्ये निघाल्याचं आप्पांना आठवत नाही. फरशीचा उतार किती इंच, ढापा कोण बसवणार, नगरपालिकेत अर्ज कुणाच्या सहीने जाणार, एवढंच. चाचा आरडाओरडा करायचे, आप्पा कुत्सित बोलायचे (अजून बोलतात), हवालदार जांभया द्यायचा.

मग १९९२ चा डिसेंबर. बाबरी पडल्यानंतरची रात्र. आमच्या बाजूला बातमी आली की चाचांच्या मागाच्या शेडमध्ये दगड आणि सळया भरून ठेवल्यात. बातमी कुणी आणली ते आजपर्यंत कळलेलं नाही. ओट्यावर माणसं जमली, काहींच्या हातात काय काय होतं ते मी पाहिलं. तेवढ्यात चाचा स्वतः गल्ली ओलांडून आले. एकटे. आप्पांच्या हातात शेडची किल्ली दिली आणि म्हणाले, "जाओ, देख लो."

आप्पांनी किल्ली परत दिली. गेले नाहीत.

ह्यावर मी कितीतरी वेळा त्यांना विचारलंय, का नाही गेलात? त्यांचं उत्तर ठरलेलं. "तो भांडखोर आहे, पण खोटं बोलत नाही. मीटिंगमध्ये पाहिलं होतं ना." बस. माणुसकी वगैरे काही नाही. ढाप्याच्या खर्चावरून माणूस कसा वागतो ते पाहिलेलं होतं, त्या जोरावर ओट्यावरची माणसं घरी गेली. (आईचं मत वेगळं. ती अजून म्हणते, जाऊन बघायला काय झालं होतं, चार लेकरं घरात होती. तिचंही मला चूक वाटत नाही.)

मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. जिला दंगलीचं गाव म्हणून सगळा देश ओळखायचा ती. मुंबईचं काय झालं ते दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे, ९०० माणसं मेली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी, समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे, 'अकबरअलीज' दुकानांचे फखरुद्दीन खोराकीवाला ही माणसं त्यामागे होती. पुढे ह्याच रिबेरोंनी माजी कॅबिनेट सचिव बी. जी. देशमुख यांच्यासारख्यांना बरोबर घेऊन 'पब्लिक कन्सर्न फॉर गव्हर्नन्स ट्रस्ट' काढला. सुशासन, माहितीचा अधिकार, कारभारावर नजर. तेव्हा "कारभाराचं काम करणाऱ्यांनी मशिदीत कशाला जायचं" असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की जरा आधीचं वाचा. दंगलीनंतर गल्लीगल्लीत हिंडलेली माणसंच पुढे कारभाराकडे वळली. ती काही वाट चुकली नव्हती.

अजून एक गोष्ट सांगतो, मला ती विलक्षण वाटते. बाबरी पडली ६ डिसेंबरला. त्याच महिन्यात, २२ तारखेला, लोकसभेने ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पंचायती, नगरपालिका, प्रभाग समित्या, लोकांचा कारभार लोकांच्या दाराशी. एकाच महिन्यात हे दोन्ही! त्यातलं पहिलं आपल्याला मिनिटामिनिटाने पाठ आहे. दुसऱ्याचं काय केलं? मुंबईत मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासक होता. त्यावरून कुणाचं रक्त उसळलं? कुठे मोर्चे निघाले? मशिदीतल्या फळ्याचा फोटो दिसला की मात्र लगेच उसळतं.

आता "सर्वधर्म"वाल्यांबद्दलही बोलतो, कारण त्यांचाही मला राग आहे आणि आज सुरुवात झालीच आहे. एक गुरुजी, एक मौलाना, एक फादर, एक ग्यानीजी, शाल-श्रीफळ, कबुतरं, फोटो. भाषणं सगळी सारखी. खाली बसलेल्यांना एकमेकांची नावंही विचारायची सवड नसते, जेवणाची पाकिटं घेतात आणि आपापल्या रिक्षात बसतात. असल्या कार्यक्रमातून एक तरी माणूस शेजाऱ्याची किल्ली न वापरता परत देईल का? धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी 'हम सब एक हैं'चं पोस्टर काढलं होतं, चार पोरं चार धर्मांच्या वेशात. त्याला मी नावं ठेवणार नाही. ते दोघे दंगलीनंतर वर्षानुवर्षं त्याच वस्तीत लोकांच्या दारात उभे राहिले, मग पोस्टर आलं. आपल्याकडे पोस्टर आधी येतं आणि तिथेच संपतं.

हो, २००६ माहीत आहे मला. त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पेटलं, गोळीबारात माणसं गेली, दोन पोलिसांना ठार मारलं. समित्या तोवर नावापुरत्या उरल्या होत्या असं माझं मत, पण घडलं ते घडलं. आणि हेही खरं की समित्यांत पोलिसांनी काही खबरे पेरले असणारच, आणि सुशासनवाली मंडळी बऱ्याचदा निवृत्त साहेबलोक असतात, "सिटिझन"शिवाय बोलत नाहीत. आमच्याकडे आलेल्यांतही एकजण होतेच तसे. असू देत. त्या फळ्यापुढच्या बाई मात्र तशा नव्हत्या. जोडपत्र अ (अर्जाचा नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही, हे त्या इतकं सोप्पं करून सांगतात की गणपतीच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा खजिनदारही गप्प बसून ऐकत होता. (त्याला वाटलं असेल, उद्या मंडळाच्या वर्गणीवर अर्ज आला तर.)

राग उतरला बराचसा. दुपारी आप्पांना फोन केला होता, त्यांना हा प्रकार सांगितला. पहिला प्रश्न काय, तर "नाल्याचं उत्तर आलं का?" दाढीवाल्या शेऱ्याबद्दल ते काही बोललेच नाहीत. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाने शेड विकली, तिथे गोदाम आहे. आप्पांचं म्हणणं, गटाराचा उतार अजूनही चुकलेलाच आहे आणि चाचांचंच बरोबर होतं. हे त्यांनी चाचांना तोंडावर कधी कबूल केलं नाही.

तर ठरवलंय. त्या बाईंना मी मेसेज केलाय की आमच्या सोसायटीत आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत मिळून एकच बैठक घ्या, दोन वेगवेगळ्या नकोत. जागा आमच्या क्लबहाऊसमध्ये मागणार आहे. अ‍ॅडमिनने नाही म्हटलं तर लेखी कारण मागणार. आणि मला तिथे सज्जन माणसं नकोत. आमच्याकडचा तो पाण्याच्या वेळेवरून रोज वॉचमनशी भांडणारा तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ हवा, आणि पलीकडची ती बाई, जिने नालेसफाईच्या मुकादमाला भर रस्त्यात उभं करून गाळ कुठे टाकला ते विचारलं होतं. "दाढ्या कुरवाळताय" लिहिणाऱ्यालाही बोलावणार आहे. गेल्या पावसात त्याचीच गाडी सगळ्यात आधी बुडाली होती.