‘कोळसा तो कोळसाच’ म्हणणाऱ्या जालन्याच्या वाचकास

भट्टीत वितळलेल्या लोखंडात (रसात) कार्बन वाढवायला कॅल्साइन अँथ्रासाइट, म्हणजे हवा न लागू देता तापवलेला कडक दगडी कोळसा, टाकतात. त्यावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपण लिहिलंत : ‘तापवला की कोळशाचा ग्राफाइट होतो, असं सांगून तुम्ही भट्टीवाल्यांना फसवताय. कोळसा तो कोळसाच.’ पुढे राख, भाव आणि लेखाची लांबी यांवरही ताशेरे आहेत.

मतभेद असू द्या, पण ‘फसवताय’ कशासाठी? मी कुणाचा माल विकत नाही. विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीवर २२ वर्षं काढली आहेत. समोर बसून हा शब्द वापरला असतात का?

एक चूक मान्य. कॅल्साइन केलेल्या अँथ्रासाइटमधल्या कार्बन-अणूंच्या थरांमधलं अंतर मी ०.३३५ नॅनोमीटर छापलं होतं. तो अस्सल ग्राफाइटचा आकडा. कॅल्साइन मालात ते ०.३४४च्या आसपास असतं. दुरुस्ती केली आहे.

पण ‘तापवला की’ हे शब्द आपले आहेत, माझे नाहीत. मी तापमानं वेगवेगळी दिली होती, ती आपण वाचलीच नाहीत. १२०० ते १३०० अंश सेल्सिअसवर उरलेला व्हीएम (तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग) आणि बराचसा हायड्रोजन निघून जातो, खडा आकसून घट्ट होतो, वीज वाहू देतो. ग्राफाइट होत नाही. गंजीत कडबा आडवा रचलेला असतो, पण पेंढ्यांची तोंडं चहूकडे, तसे त्याचे थर. २००० अंशांनंतर ते वळायला लागतात आणि २५००च्या पुढे एकमेकांशी जुळतात. करवंटीचा कोळसा ३००० अंशांवर नेला तरी असं होत नाही. अँथ्रासाइटचे थर जमिनीखालच्या दाबाने आधीच एका अंगाला निजलेले असतात; मधल्या चपट्या छिद्रांच्या भिंती मोडल्या की वाट मोकळी होते. राखेतल्या सिलिकाचं वाटेत सिलिकॉन कार्बाइड बनतं, तेही पुढे फुटून ग्राफाइट मागे ठेवतं. ग्राफाइट होणारे आणि न होणारे कार्बन असे दोन वर्ग रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ साली मांडले. तेव्हा ‘कोळसा तो कोळसाच’ हे वाक्य सत्तर वर्षं शिळं आहे.

आपल्या भट्टीत जो माल पडतो तो १२०० अंशांवाला, म्हणून हिशोबही त्याचाच धरा. ५०० किलो रसात ०.४० टक्के कार्बन चढवायचा म्हणजे २ किलो कार्बन हवा. मालात ९२ टक्के कार्बन आणि उतारा (त्यातला रसात खरोखर उतरणारा भाग) ८५ टक्के धरला तर साधारण २.५६ किलो टाकावा लागतो. राख ६ टक्के असेल तर दीडशे ग्रॅम स्लॅग (रसावर तरंगणारी मळी) वाढला. माल १ ते ५ मिलिमीटरचा घ्या आणि भंगाराबरोबर तळाशी टाका. वरून स्लॅगवर टाकला तर जळून जातो, भुकटी असेल तर धुराड्यात जाते, आणि उतारा घसरला की दोष मालाला. पावसाळ्यात ओली गोणी भट्टीत रिकामी करू नका, रस उडतो.

राखेबद्दल मूळ लेखात लिहिलं आहे. भाव माझा विषय नाही. लांबी आवडत नसेल तर वाचू नका.

फसवणूक तपासायचीच असेल तर गोणीतला खडा फोडा आणि वीज वाहते का ते बघायला ताज्या तोंडावर मल्टिमीटरची टोकं लावा. कच्चा अँथ्रासाइट जवळजवळ दाद देत नाही, कॅल्साइन लगेच देतो. मग झाकणाच्या मुशीत, ९०० अंशांवर, ७ मिनिटं ठेवून व्हीएम काढा. दीड टक्क्याच्या वर आला तर गोणी परत करा, आणि तो आकडा इथे लिहा.