चहा नको म्हणणारी पोरं

आमच्या घरात आलेल्याला चहा घेणार का असं विचारत नाहीत, थेट आधण ठेवतात. विचारणं म्हणजे नाही म्हणायची सोय करून देणं, असं आईचं मत. आता अशा घरात वाढलेल्या माणसाने चहाही नाही, कॉफीही नाही, बिअरही नाही, पैसेही नकोत म्हणणाऱ्या माणसांचे उपकार कसे फेडायचे? माझं दीड वर्ष या एकाच प्रश्नात चाललंय.

झालं असं की मी फ्रँकफर्टच्या बाहेर एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, चौथा मजला, लिफ्ट नाही. तळघरातल्या कॉमन मशीनच्या पाळ्यांना वैतागून मी एक सेकंडहँड वॉशिंग मशीन घेतलं. विकणारा भला माणूस, त्याने ते खालच्या दाराशी आणून उतरवलं, शुभेच्छा दिल्या आणि गेला. वॉशिंग मशीनच्या पोटात काँक्रीटचा ठोकळा असतो हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. मी त्याला मिठी मारून उभा, आणि तेवढ्यात सायकली लावून दोन पोरं आली. पांढरे शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी, चेहरे असे की बारावीचं हॉलतिकीट मागावं. एक ताडमाड, एक बुटका. पहिल्या मजल्यावरच राहत होती म्हणे. मी काही बोलायच्या आत त्यांनी टाय खांद्यावर टाकले, मशीन उचललं आणि चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. मी मागून "सावकाश, सावकाश" म्हणत दार उघडायचं अवघड काम केलं.

जर्मनीत सामान हलवायला मदत केली की बिअर द्यायची पद्धत आहे. नको म्हणाले. कॉफी? नको. चहा? नको. वीस युरोची नोट काढली तर मीच काहीतरी अश्लील बोललो असावं अशी बघायला लागली. मग घेणार तरी काय? बुटका हसून म्हणाला, "तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत का?"

गेलो कामातून.

तर ही मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाची, मिशनरी पोरं. मॉर्मन म्हणायचं नाही खरंतर, त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलंय की चर्चचं पूर्ण नाव घ्या, आणि ते जर्मनमध्ये आहे 'किर्शे येझु क्रिस्टी डेर हायलिगन डेर लेट्स्टन टागे', म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च. ताडमाड म्हणाला की इंटरकॉमवर 'हायलिगन'पर्यंत पोचलो की तो दिवस चांगला. सहसा 'किर्शे'लाच पलीकडून "काइन इंटरेसे" येतं, म्हणजे इंटरेस्ट नाही, आणि कट. ही वाक्यं त्यांनी अमेरिकेतल्या युटाह राज्यातल्या प्रोवो गावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये दीड महिन्यात शिकलेली. मी इथे चार वर्षं आहे आणि अजून 'गेनाउ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मान हलवतो.

वय एकोणीस नि वीस, पण हाक मारायची 'एल्डर' आडनाव लावून. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. आईला हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "एवढ्याशा पोरांना? मग तिकिटात सवलत मिळते का?" मिळत नाही, उलट घरचे किंवा ते स्वतःच महिन्याला ५०० डॉलर भरतात. बुटक्याने त्यासाठी दोन वर्षं लोकांचं गवत कापलं होतं. दोन वर्षं नोकरी नाही, गर्लफ्रेंड नाही, सिनेमा नाही, साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं, आणि जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात, बाथरूम सोडून. जोडीदारही आपण निवडायचा नाही, वरून येतो. मी म्हटलं, हे तर आमच्याकडचं अरेंज्ड मॅरेज झालं, फक्त इथे काही आठवड्यांनी बदली होऊ शकते एवढीच काय ती सुधारणा.

घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी, ज्या दिवशी कपडे धुणं आणि बाजारहाट असतो. २०१९ च्या आधी तर वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. माझी आई मला रोज सकाळी सात आणि रात्री नऊला फोन करते, त्यामुळे क्षणभर मला वाटून गेलं की कुठे भरतात हा फॉर्म.

पण खरी परीक्षा आई तीन महिन्यांसाठी इकडे आली तेव्हा सुरू झाली. पहिल्याच गुरुवारी, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या वारी, एल्डरद्वय आलं, आईने आलं-वेलची ठेचून चहा केला, कप पुढे केले, आणि दोघंही नम्रपणे नको म्हणाली. आईचा चेहरा बघवेना. "माझ्या हातचं चालत नाही का त्यांना?" मी समजावलं की अगं १८३३ पासूनचा नियम आहे त्यांच्यात, दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. आईने विचार केला. "म्हणजे माळकरी आहेत." मग थोडं थांबून, "पण आपल्या माळकऱ्यांना चहा चालतो." हा मुद्दा तिने पुढे तीन महिने सोडला नाही.

शेवटी तिने तोडगा काढला, गवती चहा. साताऱ्याहून वाळवून आणलेला, चहापूड न घालता नुसता उकळायचा. मी आपला मदत करायला गेलो आणि शब्दशः सांगून बसलो की इट इज ग्रास टी. इंग्रजीत ग्रास म्हणजे गांजाही. पोरं पांढरी पडली. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून गांजा जवळ बाळगायला परवानगी आहे, आणि समोर साडी नेसलेली एक प्रेमळ बाई वाफाळता कप धरून "घे रे, घशाला बरा" म्हणतेय. ताडमाडाने बुटक्याकडे बघितलं. प्रोवोला याचं उत्तर शिकवलं नसावं. शेवटी फोनवर लेमनग्रास शोधून फोटो दाखवला तेव्हा कुठे कप ओठाला लागला, आणि मग ताडमाडाने तीन कप प्यायले.

त्यानंतर आई आणि ती पोरं यांचं जे जमलं त्यात मी फक्त दुभाष्या. त्यांनी त्यांच्या पंथाच्या संस्थापकाची, जोसेफ स्मिथची गोष्ट सांगितली, चौदाव्या वर्षी रानात एकटाच प्रार्थनेला गेलेला, पुढे सोन्याचे पत्रे सापडले, १८३० मध्ये ग्रंथ छापला. आई म्हणाली, ज्ञानेश्वर माउलीही लहानच होते. १८४६-४७ मध्ये त्यांचे लोक दोन हजार किलोमीटर तुडवत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात गेले हे ऐकल्यावर तिने बोटांवर आळंदी ते पंढरपूर हिशोब केला, "आठ वाऱ्या एका दमात!" आणि पुन्हा आधण ठेवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळच्या जेवणाचा उपास, तोही निर्जळी, वाचलेले पैसे गरिबांना. हे कळल्यावर आईने माझ्याकडे, म्हणजे एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेणाऱ्याकडे, नुसतं बघितलं.

मला ती पोरं आवडायला लागली त्याचं कारण मात्र वेगळं. अकरावीत आम्ही मंडळाच्या वर्गणीला दारोदार फिरायचो. मला बेल वाजवायची इतकी लाज वाटायची की आतून कोणी येऊ नये अशी मी गणपतीकडेच प्रार्थना करायचो. एकदा जिन्यात बुटका एकटा, म्हणजे ताडमाड चार पायऱ्या वर, तेव्हा त्याला विचारलं, तुला खरंच पटलंय हे सगळं? तो म्हणाला, ग्रंथ वाचून प्रार्थना करा, उत्तर मिळेल असं आम्ही लोकांना सांगतो, पण मला स्वतःला कित्येक आठवडे काही मिळालं नव्हतं. मग? मग एक दिवस मिळालं. कसं ते त्याला जर्मनमध्येही सांगता येईना आणि इंग्रजीतही. कान लाल झाले होते त्याचे. मी उगाच म्हटलं, गेनाउ.

बाप्तिस्म्याची तारीख मात्र मी दर गुरुवारी टाळत आलोय. नाही म्हणायचं धैर्य नाही, हो म्हणायची इच्छा नाही, त्यामुळे "आईला विचारतो" हे उत्तर मी पस्तिसाव्या वर्षी देतोय. आईला विचारलं तर म्हणते, देव एकच आहे, पण चहा सोडावा लागेल तुला.

आई परत गेली. फेब्रुवारीत ताडमाडाची बदली झाली, दोन बॅगा घेऊन तो कासेलला गेला, जाताना आईसाठी बटाट्याची रेसिपी देऊन गेला, कारण तो आयडाहोचा आणि तिकडे बटाटा हेच पीक. आता बुटक्याबरोबर एक नवीन आलाय, एकोणीसचा, सर्दीने बेजार. हे आईला चुकून बोललो. दहा दिवसांत इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून पुडी आली. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, रबरबँड, आत वाळलेला हिरवा पाला, वर कसलीही चिठ्ठी नाही.

परवा ती खिशात घालून पहिल्या मजल्यावर गेलो, बेल वाजवली, दार उघडलं, पिशवी नवीन पोराच्या हातात ठेवली आणि म्हटलं, घे, आईने पाठवलंय, रात्री उकळून पी, छान झोप लागेल. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. कचरा टाकायला निघालेल्या फ्राउ शेजारीणबाई. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग पोराच्या टायकडे, मग माझ्याकडे. कायद्याने जवळ बाळगायला चालतं, दुसऱ्याला द्यायला अजून चालत नाही, हे त्यांना माहीत असणार, जर्मन आहेत त्या.

"गुटेन टाग," त्या म्हणाल्या.

"ग्रास टी," मी म्हणालो.