धुळेकर आप्पांच्या 'भंगारा'ला उत्तर

आप्पा, राम राम.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यावर मी लिहिलं होतं, की जिथे पद्मिनी मोटार बनायची तिथली एखादी शेड तरी राखायला हवी होती. त्यावर तुमचा रोकडा सवाल आला: 'कसाले जोयजे ते भंगार?' म्हणजे कशाला हवं ते भंगार? कारखाना म्हणजे काही किल्ला नव्हे, कामगाराच्या हाताला काम नसताना भिंती कुरवाळणं ही पोट भरलेल्यांची हौस, आणि बंद इमारत कुणाच्या डोक्यावर पडण्याआधी पाडलेली बरी, असं तुमचं म्हणणं. तुम्ही बांधकामातले, म्हणून डोक्यावर पडण्यापासूनच सुरू करतो.

पडते, खरंय. डेट्रॉईटमध्ये पॅकार्ड मोटारींचा कारखाना होता. त्याचा रस्त्यावरून जाणारा पूल जानेवारी २०१९ मध्ये भर रस्त्यात कोसळला. पण त्याच कारखान्याची दहा नंबरची इमारत वास्तुकार अल्बर्ट कान याने १९०५ मध्ये आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये बांधली होती. त्याआधीच्या इमारती लाकडी वाशा-खांबांच्या. आगीची भीती, आणि खांब इतके जवळजवळ की मशीन लावायची पंचाईत. काँक्रीटमुळे खांब लांब गेले, भिंतींच्या जागी खिडक्या आल्या. अशी इमारत सहजी मरत नाही. १९५०च्या दशकात तिथे मोटारी बनणं थांबलं, पुढे पडझड होत राहिली, २०१३ मध्ये सगळा पसारा लिलावात ४,०५,००० डॉलरला गेला, त्याचंही काही झालं नाही आणि २०२२ पासून पाडकाम लागलं. ती वयाने गेली असं मला वाटत नाही. पाणी कसं मुरतं, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे कसे सुटतात, हे मी तुम्हाला काय सांगणार?

उलट इटलीत तुरीनमधला फियाटचा लिंगोट्टो कारखाना बघा. पाच मजली, मोटार मजल्यामागून मजला वर चढत तयार व्हायची आणि थेट गच्चीवरच्या ट्रॅकवर चाचणीला पळायची. १९८२ मध्ये उत्पादन थांबलं. तुरीनकरांनी तिथे संग्रहालयाची पाटी लावून गप्प बसणं पसंत केलं नाही. वास्तुकार रेंझो पियानोच्या आराखड्याने आत प्रदर्शनाचे हॉल, हॉटेल, दुकानं आली, मोटार इंजिनिअरिंगचे वर्गही भरू लागले. दोन्ही इमारती काँक्रीटच्याच. एकीत पाऊस शिरत राहिला, दुसरीत वेळेवर भाडेकरू शिरले. आमची पद्मिनी याच फियाटच्या घराण्यातली. मूळ घर उभं आहे आणि कुर्ल्याच्या जागेवर निवासी वसाहत. मला हे खुपतं, तुम्हाला नसेल खुपत.

आता कामगार. इथे तुमचा राग रास्त आहे, पण त्याचा रोख चुकतोय. पाडल्याने कामगाराच्या पदरात काय पडलं? मुंबईच्या गिरण्यांसाठी १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ आला. त्यात जमिनीचे तीन वाटे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरली. म्हणजे शेड पाडून जी जागा मोकळी झाली, ती वाटणीतच नाही! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल मान्य केला. बुलडोझरला कामगाराचा कैवारी समजू नका.

'डेट्रॉईटचं सोडा, खान्देशचं बोला,' असंही तुम्ही म्हणालात. बोलतो. जळगावात खान्देश मिल होती, १८७०च्या दशकातली. आता तिथे मॉल आणि गाळे. 'खान्देश मिल कॉम्प्लेक्स' एवढं पत्त्यात उरलंय. प्रतापशेटजींनी अमळनेरात मिल काढली, तत्त्वज्ञान मंदिरही काढलं. तत्त्वज्ञान मंदिरावर लोक भरभरून बोलतात, मिलचा विषय निघाला की थेट जमिनीच्या भावावर येतात.

आमच्या तालुक्यातली एक जुनी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, पाडताना मी पाहिली. ठेकेदाराने पहिल्यांदा भिंतीला हात लावला नाही. तो शिडी लावून वर चढला आणि कैच्यांचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचं, सागवान नखाने खरवडून बघितलं. आत लाकूड लालसर, टणक. नुसती वर काजळी आणि रुईची धूळ बसलेली. संध्याकाळपर्यंत कैच्या, चौकटी, पत्रे, सगळ्यांचा भाव ठरला. पत्र्याच्या पन्हळीत मात्र पिंपळाची रोपं हातभर वाढली होती, आणि भिंतीला तडा गेला होता तो नेमका त्या पन्हळीखाली. 'धोकादायक' असा शेरा त्या तड्यावर मिळाला होता. पन्हळ साफ करायला दोन माणसं आणि एक दिवस, बस.

सरसकट सगळं राखा असं मी कधी म्हटलेलं नाही. निम्म्या शेडी तर मीही पाडायला सांगेन, डोळे झाकून. पण बंद पडल्यावर पहिल्या चार-पाच पावसाळ्यांत कुणीतरी तुमच्यासारख्याने तपासून सांगावं की छप्पर धरेल का, आणि धरत असेल तर तिथे आयटीआयचा वर्कशॉप, कापसाचं गोदाम, मंगल कार्यालय, काहीही चालू द्यावं. आपल्याकडे मोठ्या गाळ्याचं, मधे खांब नसलेलं छप्पर नवं बांधायला काय पडतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे. तोच आकडा हवाय. जुनी कैची ठेवून नुसते पत्रे बदलले तर चौरस फुटाला किती, आणि पाडून नवी शेड उभारली तर किती, एवढं खाली लिहा. सागवानाचे पैसे दुसऱ्या हिशोबात धरायला विसरू नका.