आधी भरा, मग बघू

मुलाला इंजिनिअरिंगला घालायचंय आणि डोक्यावर आधीच सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता आणि थोरलीच्या लग्नातली हातउसनी देणी आहेत? डगमगू नका. शिकणाऱ्या गरिबासाठी महाराष्ट्रात योजना भरपूर आहेत. त्या परवडतील एवढे पैसे तेवढे आधी जमवा, म्हणजे झालं.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या येतात ऐन पावसाळ्यात. जागा लागली की हजार रुपये भरून ती स्वीकारायची आणि दिलेल्या मुदतीत फी घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. नेमके तेव्हा तुमचे सगळे पैसे मातीत असतात. सोयाबीन निघणार दसऱ्याच्या आगेमागे. त्यामुळे पुढच्या वर्षी पेरणी जरा लवकर उरका, मार्चमध्ये वगैरे. पावसाशी आधी बोलून घ्या म्हणजे झालं. तेही न जमल्यास गावात शेकडा तीन रुपयांनी देणारे भले लोक आहेतच. महिन्याला शेकडा तीन, म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के. पण ते सिबिल, म्हणजे कर्जफेडीचे गुण, बघत नाहीत, झेरॉक्स मागत नाहीत आणि रविवारीही भेटतात. ग्राहकसेवा म्हणतात ती हीच.

आता उत्पन्नाचा दाखला. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गातल्या मुलाचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं, फक्त घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. ते तुमचं आहेच, शंका नको. दाखल्याच्या अर्जात शेती, नोकरी, धंदा, इतर असं सगळं विचारतात. देणं किती, हे कुणी विचारत नाही. चार लाख मिळवले आणि त्यातले साडेतीन दुसऱ्याच्या घरात गेले, तरी तुमचं उत्पन्न चार लाखच. माणसाच्या खासगी गोष्टीत नाक खुपसू नये, एवढं सौजन्य तहसील कचेरीत अजून शिल्लक आहे.

त्याच आठवड्यात बँकेत जायचंय, तेव्हा चेहरा बदलून जा. तलाठ्यापुढे चाललेला पडेल चेहरा इथे चालत नाही. साहेब तोच दाखला उलटसुलट करून बघतील आणि विचारतील, "एवढ्यात फेडणार कसं?" मग तुमचा सिबिलचा अहवाल उघडून संगणकाचा पडदा तुमच्याकडे वळवतील. त्याच्यावर उत्पन्नाचं नावसुद्धा नसतं, असतात ती सगळी देणीच. मेव्हण्याच्या गाडीला कधीतरी जामीन राहिलात, तो मेव्हणा आता फोन उचलत नाही, तरी पडद्यावर तो तुमच्या शेजारीच उभा असतो. थोडक्यात, तहसीलमध्ये गरीब ठरा आणि बँकेत सधन. दोन्ही ठिकाणी खरंच बोलायचंय, हे विसरू नका.

शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. साडेसात लाखांपर्यंत सरकारची पतहमी आहे. साहेब तारण मागणारही नाहीत. सातबारा आणलाय का, एवढंच सहज विचारतील. सिबिल खराब असलं तरी घाबरू नका. पालकांचा स्कोअर कमी आहे म्हणून मुलाचं शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय. ती प्रत खिशात ठेवा. साहेब ती आदराने वाचतील आणि केरळला कसं जायचं ते सांगतील.

खरं तर मुलापेक्षा चारचाकीला प्रवेश मिळवून देणं सोपं. तिचं कर्ज बऱ्याचदा शिक्षणाच्या कर्जापेक्षा स्वस्त पडतं आणि ती नापास होत नाही.

सिबिल बिघडलं कसं, हे मात्र स्वतःलाच विचारा. २०१७ साली दीड लाखांची कर्जमाफी आली, २०१९ साली दोन लाखांची. माफीच्या आशेवर थांबलात तर सिबिल गेलं. वेळेत भरत राहिलात तर माफी गेली, हाती प्रोत्साहनपर रकमेचा कागद आला. शहाणा माणूस दोन्ही सांभाळतो. मार्चअखेर कुणाकडून तरी दोन-चार दिवसांसाठी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज उचललं की त्याची त्याला परत. झालं नवं-जुनं! कागदोपत्री तुम्ही बिनव्याजी पीककर्ज वेळेत फेडणारे आदर्श शेतकरी. त्या दोन-चार दिवसांचं व्याज कागदावर येत नाही.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलतही आहे. तिचा फायदा घ्यायला आधी आयकर बसेल एवढं कमवा.

कॉलेजच्या खिडकीवर मात्र निश्चिंत राहा. कॅपिटेशन फीला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पावतीवर तो शब्द दिसणार नाही. बाकीचे दिसतील: विकास शुल्क, अनामत, ग्रंथालय, जिमखाना, विमा, ओळखपत्र. मग एक हमीपत्र पुढे येईल. शिष्यवृत्तीची रक्कम न आल्यास उरलेली फी मी भरीन, असा मजकूर छापलेला असतो. तुम्ही फक्त नाव आणि सही टाकायची. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज त्यानंतर वर्षभर 'छाननीत' असतो. छानच होत असेल काहीतरी.

भिंतीवर कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो असला तर नमस्कार करा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं होतं. ही प्रथा संस्थांनी जिवापाड जपलीय. फक्त आता मंगळसूत्र संस्थेच्या घरातलं नसतं, तुमच्या घरातलं असतं, आणि सोनेतारण शाखा कॉलेजच्या रस्त्यावरच मिळते.

पुण्यात पोराला कॉट बेसिसवर टाका. पाच जणांच्या खोलीत कॉट त्याची, पंखा सगळ्यांचा. मेसचे खाडे आधी सांगितले तरच पैसे वळते होतात, म्हणून उपाशी राहायचं असेल तर निदान आदल्या दिवशी ठरवून राहायला शिकवा. नियोजनाची सवय इंजिनिअरला पुढे कामी येते. कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, त्याला कॅम्पस मुलाखत द्यावी लागत नाही.

आणि धाकटी यंदा बारावीला आहे ना? तिची काळजीच नको. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (म्हणजे मराठा आरक्षणातल्या) आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. थोरलीच्या वेळी हे नव्हतं, तिचं लग्न उरकलंत, तेही बरंच झालं म्हणायचं. माफीत हॉस्टेल, मेस आणि बस येत नाहीत, पण कॉलेजला चालत जाता आलं आणि घरी जेवता आलं तर शिक्षण फुकटच. तुमच्या गावापासून कॉलेज किती किलोमीटर, ते तेवढं बघा.

तिच्यासाठी दाखला नवा लागेल, दादाचा चालत नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्याच सुमारास सोसायटीचं नवं-जुनं असतंच. तालुक्याच्या एका खेपेत दोन्ही कामं उरका, एसटीचं एक तिकीट वाचेल.