माझं अक्षर चांगलं आहे ना!

आज संध्याकाळी लेकीची विज्ञानाची वही चाळली आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. सहावीच्या वर्गात लोखंडी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून विद्युतचुंबक करण्याचा प्रयोग झाला होता. निरीक्षणांचा तक्ता अगदी सुबक होता. तार तू गुंडाळलीस का, असे विचारले, तर म्हणाली, "नाही गं आई, ते मुलांनी केलं. बाईंनी मला लिहायला दिलं, माझं अक्षर चांगलं आहे ना!"

नेमके याच कारणासाठी सातवीत माझ्या हाती पट्टी-पेन्सिल आली होती, आणि सेल व बल्ब गटातल्या दोन मुलांकडे गेले होते. तेव्हा मला तो माझा गौरव वाटला होता, हे आज जास्त झोंबते.

तीन जानेवारीला मुली सावित्रीबाई होऊन भाषणे करतात, १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात निघालेल्या शाळेची माहिती घडाघडा सांगतात. आणि टाळ्या थांबल्या की बाके मुलांनी उचलायची, विस्कटलेली रांगोळी मुलींनी झाडायची. 'बालभारती'ने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघांनाही भाजी निवडताना दाखवले, तेव्हा ते चित्र आपण सर्वांनी किती कौतुकाने एकमेकांना पाठवले होते! चित्र बदलले, पण लेकीच्या वर्गात आजही मुलांची नावे संपल्याखेरीज मुलींची हजेरी सुरू होत नाही.

साठ जणांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची तासिका, त्यात बाईंनी तरी काय काय पाहावे, हे मान्य. त्यांच्या मनात खोट नाही, हेही मान्य. शिवाय ज्या मुलाचे अक्षर गिचमीड आहे, त्याला तक्ता आखायला कोण आणि कधी शिकवणार, हा प्रश्न मलाही हे लिहिता लिहिताच सुचला. शनिवारी पालकसभा आहे. भांडायचे नाही असे ठरवले आहे. पुढच्या प्रयोगात कामांची अदलाबदल करा, एवढेच सांगेन.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी खिळा, तार आणि सेल घेऊन बसलो. टाचणी जागची हलेना. तारेच्या टोकांवरचा लेप खरवडावा लागतो, हे तिच्या तक्त्यात कुठेच नव्हते. ते ज्याने तार जोडली त्यालाच ठाऊक होते. पॉलिशपेपरने टोके घासली, वेढे वाढवले आणि सात टाचण्या लटकल्या. मग तिने वहीच्या समासात घाईघाईने, चांगल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिले, 'आधी टोके घासणे.'